कॉफीच्या पेल्यातील इंग्रजी

इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद अथवा बेळगाव येथील कित्येक मराठी घराण्यांत इंग्रजी भाषा पिढ्यानुपिढ्या नांदत आली आहे. परंतु तिचा वावर बहुधा कचेरीपुरताच राहिला. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला गिरवून तयार झालेला गृहस्थ तीस वर्षे निर्दोष इंग्रजीत अर्ज, अहवाल आणि टिपणे लिहितो. पुढे निवृत्तीनंतर तो परदेशी मुलाकडे जातो. तेथे स्वयंपाकघरातील नळ गळू लागतो आणि दारात आलेल्या कारागिराला नेमके काय बिघडले हे सांगताना त्याच गृहस्थाची जीभ अडखळते. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ याचे इंग्रजी त्याला झोपेतही सांगता येते. तोटी, चोथा, उतू जाणे यांचे येत नाही. नातवंडे हसतात, म्हणून तो बोलणेच टाळतो. हे नुकसान केवळ भाषेचे नव्हे. घरातल्या माणसाला घरातच पाहुणा करून ठेवणारे ते मौन आहे.

ही उणीव शब्दकोश पाठ करून भरून निघत नाही. मराठीने इंग्रजी शब्द उदार हाताने घेतले खरे, पण क्रियापदे घेताना त्यांना ‘करणे’ जोडून घेतले. ‘मिक्स करणे’, ‘बॉइल करणे’ असे म्हणणाऱ्यास मूळ शब्द ठाऊक असतो. तो काळाप्रमाणे कसा बदलतो आणि वाक्यात कोठे बसतो, हे ठाऊक नसते. क्रियापद अंगवळणी पडावयाचे तर ती क्रिया हाताने होत असतानाच ते तोंडी यावे लागते. त्यासाठी रोज घडणारे, थोडक्या वेळात संपणारे, ठरलेल्या क्रमाचे आणि ज्याचे फळ लगेच जिभेला कळते, असे काम हवे. घरी एस्प्रेसो कॉफी करणे हे तसे काम आहे.

‘एस्प्रेसो’ हा शब्द मुळात इंग्रजीचा नव्हे. तो इटालियन, आणि त्याच्या मुळाशी दाबून अर्क काढण्याची कल्पना आहे. मिलानच्या लुइजी बेत्सेरा यांनी १९०१ साली अशा कॉफीच्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे १९४० नंतरच्या दशकात आकिले गाज्जा यांच्या तरफेच्या यंत्राने पाण्याला पुष्कळ अधिक दाब मिळाला आणि कॉफीवर तो प्रसिद्ध सोनेरी फेस येऊ लागला. ९० अंश सेल्सिअसहून थोडे अधिक तापलेले पाणी वातावरणाच्या सुमारे ९ पट दाबाने बारीक पुडीतून २५ ते ३० सेकंदांत उतरते, ती एस्प्रेसो. भारतात लग्नमंडपात वाफेने फेसाळलेल्या दुधाची जी कॉफी याच नावाने मिळते, ती निराळी. त्याच समजुतीने परदेशी उपाहारगृहात एस्प्रेसो मागणाऱ्यापुढे दोन घोटांची काळी कॉफी येते. शब्द ओळखीचा असला तरी अर्थ गावोगाव तपासून घ्यावा, हा पहिलाच धडा.

आता कृतीकडे वळावे. कॉफीचे दाणे मोजणे म्हणजे ‘मेझर’, दळणे म्हणजे ‘ग्राइंड’. दळलेली कॉफी मात्र ‘ग्राउंड कॉफी’ होते. तिचा मैदानाशी संबंध नाही, ते ‘ग्राइंड’चेच भूतकाळी रूप आहे. उरलेला चोथा म्हणजे ‘ग्राउंड्स’. रजेच्या अर्जात ‘मेडिकल ग्राउंड्स’ लिहिणाऱ्यास हा शब्द कारण म्हणून परिचित असतो, चोथा म्हणून नसतो. पूड सपाट करणे ‘लेव्हल’, ठासणे ‘टॅम्प’, भांडे विसळणे ‘रिन्स’. कॉफी पाडण्याला इंग्रजीत ‘पुल’, म्हणजे ओढणे, असे म्हणतात. जुन्या यंत्राचा दांडा खाली ओढावा लागे. आज पुष्कळ यंत्रांना बटण आले, तरी क्रियापद टिकून आहे.

कचेरीच्या इंग्रजीत न भेटणारी जोडक्रियापदेही येथे सहज भेटतात. यंत्र चालू करणे ‘टर्न ऑन’, बंद करणे ‘टर्न ऑफ’, पाणी काठोकाठ भरणे ‘फिल अप’, सांडलेले पुसून घेणे ‘वाइप अप’ आणि दूध उतू जाणे ‘बॉइल ओव्हर’. दूध एकदा उतू गेले आणि त्याच क्षणी हा शब्द उच्चारला, की तो पुन्हा विसरत नाही.

पण खरा शिक्षक चव हा आहे. पूड ‘कोर्स’, म्हणजे भरड राहिली, तर पाणी भरभर निघून जाते आणि कॉफी ‘सावर’, म्हणजे आंबट लागते. पूड फारच ‘फाइन’ झाली, तर कॉफी थेंबथेंब गळते आणि ‘बिटर’, म्हणजे कडू होते. ‘फाइन’ म्हणजे ठीक, ‘फाइन’ म्हणजे दंड, एवढेच जाणणाऱ्यास ‘फाइन’ म्हणजे बारीक हे येथे जिभेवर कळते. तसेच मराठीत चहा-कॉफी ‘कडक’ असते, म्हणून कोणी कडकचे सरळ भाषांतर ‘हार्ड’ करील, तर ऐकणारा गोंधळेल. इंग्रजीत ती ‘स्ट्राँग’ असते आणि पातळ असेल तर ‘वीक’.

अभ्यासाची रीत साधी आहे. पहिल्या आठवड्यात काम करता करता प्रत्येक क्रिया चालू वर्तमानकाळात मोठ्याने सांगावी. दुसऱ्या आठवड्यात कॉफी पिताना तीच हकीगत भूतकाळात सांगावी. ‘ग्राइंड’चे ‘ग्राउंड’ तेथे आपोआप होईल. तिसऱ्या आठवड्यात घरातील दुसऱ्याने आज्ञा द्यावी आणि शिकणाऱ्याने ती पाळावी. हे काम नातवंडाकडे सोपवावे. हसणारे मूल शिकविणारे झाले, की त्याच्या हसण्यातील बोच जाते. महागडे यंत्रही हवेच असे नाही. इटलीतच १९३३ साली निघालेले, चुलीवर ठेवावयाचे ‘मोका’ भांडे पुरते. त्यात दाब कमी असल्यामुळे जाणकार त्या कॉफीला एस्प्रेसो म्हणणार नाहीत. तथापि शब्दांना त्याचा अडथळा नाही. उलट भांडे फिरवून बसविणे ‘स्क्रू ऑन’ आणि उलगडणे ‘अनस्क्रू’, अशी विरुद्धार्थाची जोडी अधिक मिळते.

एका पेल्यात सारी इंग्रजी भाषा मावत नाही, हे उघड आहे. परंतु तोटी, झाकण, झडप, गळणे, तुंबणे, पुसणे, विसळणे हे शब्द कॉफीपुरते राहत नाहीत. कॉफीच्या यंत्राची तोटी तुंबल्याचे ज्याला सांगता येते, त्याला गळक्या नळाचेही सांगता येते. कचेरीच्या इंग्रजीने या माणसांना पगार आणि प्रतिष्ठा दिली. स्वयंपाकघरातील इंग्रजी त्यांना मुलानातवंडांच्या घरात बोलते करील.