पऱ्हाटी, टेरीकॉट आणि आपण
(कुवेतमधील मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



विषय ऐकून काहींना वाटलं असेल, कुवेतमध्ये बसून कापडावर काय बोलणार? इथे कापूस पिकत नाही. पण शुऐबाला इक्वेटच्या कारखान्यात इथिलीन ग्लायकॉल तयार होतं. ते आणि टेरेफ्थॅलिक आम्ल मिळून पॉलिएस्टर होतं. तेव्हा आपल्या अंगावरच्या शर्टाचा काही अंश इथल्याच वायूतून आलेला असू शकतो.

याला पर्याय म्हणून वनस्पतींपासून धागा काढायचा म्हटलं की लोक लगेच माना डोलावतात. मी म्हणतो, जरा थांबा. धागा झाडापासून आला म्हणून तो निर्दोष ठरत नाही आणि पुन्हा वापरताही येतोच असं नाही. 'बांबूचं कापड' म्हणून जे विकतात, ते बहुतेक वेळा व्हिस्कोज असतं. लगद्यावर कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करून ते काढतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये अशा फसव्या लेबलांवर कारवाई केली होती. कार्बन डायसल्फाइड मज्जासंस्थेला घातक आहे, आणि ते श्वासात जातं कामगाराच्या. लेबल वाचणाऱ्याच्या नव्हे. लायोसेलची पद्धत यापेक्षा कितीतरी बरी. तिच्यातला द्रावक ९९ टक्क्यांहून अधिक परत मिळतो.

आता पुनर्वापराचं. जुनं सुती कापड पिंजलं की तंतू तुटून आखूड होतात, मग नवा कापूस मिसळावाच लागतो. दुसरा मार्ग म्हणजे जुन्या कापडाचा लगदा करून, तो विरघळवून नवा तंतू ओढणे. स्वीडनच्या रिन्यूसेल कंपनीने २०२२ मध्ये सुंड्सवाल इथे असा लगदा करणारा मोठा कारखाना काढला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिचं दिवाळं वाजलं. 'हरित' जाहिराती करणाऱ्या ब्रँडांकडून पुरेशी मागणीच आली नाही. पुढे नव्या मालकांनी ती सर्क्युलोज या नावाने घेतली.

खरी डोकेदुखी मिश्र कापडाची. आपल्या शाळेच्या गणवेशाचं टेरीकॉट आठवा! सूत आणि पॉलिएस्टर एकत्र पिळलेले. ते वेगळे करायला रसायनं लागतात, आणि खर्चही. त्यात थोडं इलास्टेन असलं तर काम आणखी बिघडतं. माझं मत विचाराल तर नवा चमत्कारी तंतू शोधण्याआधी एकाच तंतूचं कापड विणायला लावणं जास्त उपयोगाचं आहे.

आणि विदर्भ? कापूस वेचून झाला की पऱ्हाटी बरीचशी चुलीत जाते, नाहीतर बांधावर जळते. तिच्यात सेल्युलोज भरपूर असतं. माटुंग्याच्या कापूस तंत्रज्ञान संस्थेने (स्थापना १९२४) पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करून दाखवले आहेत. कापडासाठी मात्र लगदा फार शुद्ध लागतो, लिग्निन काढावं लागतं. जळगावच्या केळीच्या खोडाचंही तसंच. धागा निघतो, पण तो राठ असतो; दोर आणि पिशव्यांना चालतो, शर्टाला सहज नाही.

शिवाय पऱ्हाटी हलकी आणि फुगीर. ट्रक भरतो, वजन भरत नाही. म्हणून ती गावाजवळच चिरडायला हवी. उपटणी आणि वाहतुकीचा खर्च भागून शेतकऱ्याच्या हातात दोन पैसे उरले नाहीत, तर तो काडी लावणार, आणि त्याला नावं ठेवायचा अधिकार आपल्याला नाही.

आता प्रश्न विचारा. रिफायनरीवाल्यांनी आधी!