संबळाचे बोल कोण सांगणार?

(तेरखेडा, जि. धाराशिव येथील भाषणाचा संपादित अंश)



सप्टेंबर १९४७ मध्ये, आपला देश स्वतंत्र होऊन जेमतेम महिना लोटला असताना, लंडन येथे लोकसंगीताची एक आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन झाली. परंपरागत संगीत व नृत्य यांत आयुष्य वेचणारे देशोदेशीचे अभ्यासक आणि कलावंत तिच्या अधिवेशनांना जमतात. जानेवारी २०२५ मधील अधिवेशन न्यूझीलंडच्या वेलिंग्टन शहरात भरले. १९८१ साली परिषदेच्या नावातील ‘लोक’ जाऊन तेथे ‘पारंपरिक’ आले. ‘नृत्य’ हा शब्द नावात यायला मात्र २०२३ साल उजाडले.

मराठवाड्यातील माणसाला येथे देवगिरी आठवावी. यादवराजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ रचला. गायन, वादन व नर्तन मिळून संगीत होते, हे त्यात स्पष्ट सांगितले आहे. शेवटचा, सातवा अध्याय तर नर्तनाचाच. (हा पंडित राजदरबारी हिशेबाचे खाते सांभाळीत असे!) पण जुन्या ग्रंथाचा अभिमान मिरवायला काही खर्च येत नाही. आज आपल्या गावात काय चालले आहे?

तेरखेडा म्हटले की लोकांना फटाके आठवतात. पण जवळच येरमाळ्याला येडेश्वरीची चैत्री यात्रा भरते, आई तुळजाभवानीही आपल्याच जिल्ह्यातली. आराधी आणि गोंधळी हे या भूमीचे परंपरागत गायक. चौक मांडणे, गावोगावच्या दैवतांना आवाहन, मग आख्यान, शेवटी आरती असा गोंधळ रात्रभर चालतो. महोत्सवाच्या रंगमंचावर त्याला काही मिनिटे मिळतात. आख्यान गळते, उरतो तो झगमगीत अंगरखा. आणि घरच्या लग्नात? ‘गोंधळ लवकर उरका’ म्हणणारे आपणच, वरातीत डीजेला हजारो रुपये मोजणारेही आपणच. घासाघीस होते ती संबळवाल्याच्या बिदागीत. मग त्याच्या मुलाने संबळ कमरेला का बांधावा?

डॉ. प्रभाकर मांडे यांनी मराठवाड्यात राहून लोकपरंपरांच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. हेमा राईरकर आणि गी पॉयतवँ यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या लाखभर ओव्या जमविल्या. गी मूळचे फ्रान्सचे. दळणारी आई आपली आणि ओवी वेचायला माणूस आला सातासमुद्रापलीकडून! त्यांचे कौतुक करावे, आणि आपली थोडी लाजही वाटू द्यावी.

जागतिक परिषदेत संबळावर कोणी बोलायला उभा राहील, तर तो आपल्या गोंधळ्याच्या घरचा, शिकलेला मुलगा असावा. त्यासाठी येत्या नवरात्रात एक गोंधळ पूर्ण रात्र होऊ द्या. बिदागीही पूर्ण रात्रीची द्या. कलावंताच्या संमतीने ध्वनिमुद्रण करा. संबळाचे बोल, मांडणीचा क्रम, गायक-वादकांची नावे लिहून ठेवा. पहिली प्रत त्याच्या घरी जाईल, दुसरी गावच्या शाळेत राहील.