मोक्षपटाची नवी मांडणी



सापशिडी ठाऊक नाही असे मूल विरळाच. परंतु या खेळाचे मूळ ज्ञानचौपड अथवा मोक्षपट या जुन्या पटांत आहे, आणि त्यांतील प्रत्येक घरास नाव असे, ही ओळख पुसट झाली आहे. जैन परंपरेत ८४ घरांचे, वैष्णव परंपरेत ७२ घरांचे पट आढळतात. ७२ घरांच्या एका पटावर २४ वे घर कुसंगाचे. तेथील साप सोंगटीस ७ व्या, मदाच्या घरात आणून टाकतो. ५४ व्या घरातील भक्तीची शिडी थेट ६८ व्या घरी, वैकुंठास पोचते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात रुजला. तेथे आरंभी सद्‌गुण-दुर्गुणांची चित्रे होती. पुढे बहुतेक पटांवर केवळ आकडे उरले.

नावे पुन्हा लिहिली म्हणजे कार्यभाग साधला, असे मात्र नव्हे. मुलास सापाच्या तोंडी नेते ते दान, त्याची करणी नव्हे. ज्याने कधी लोभ केला नाही तोही लोभाच्या घरातून घसरतो, आणि मग हसतो किंवा रुसतो. स्वतःकडे पाहण्याचे कारण त्याला पडत नाही.

ते कारण पट आखतानाच मिळते. ३६ घरे पुरेत. जमिनीवर खडूने आखावीत. घरांची नावे मुलांनी सुचवावीत, तीही त्यांच्या बोलीत: ‘दुसऱ्याचे गणित उतरवले’, ‘धाकट्याला सांभाळले’. मग कोणता साप किती लांब, हे ठरवावे. माराच्या भीतीने खोटे बोलणारा आणि दुसऱ्यास मार बसावा म्हणून खोटे बोलणारा, दोघे सारखेच खाली यावेत काय? या प्रश्नावर वर्ग तासभर भांडेल. भांडू द्यावा, खरा खेळ तोच.

खेळताना, दानासाठी फोडलेले चिंचोके चालतील, सापाच्या घरी आलेल्याने क्षणभर थांबून आपला तसा प्रसंग मनात आठवावा. सांगावासा वाटला तर सांगावा, नपेक्षा मुकाट्याने सोंगटी खाली न्यावी. दुसऱ्याचा प्रसंग कोणी बोलून दाखवू नये. हा नियम सैल झाला की पट चावडी बनतो, आणि वर्गातील दुबळे मूल प्रथम आरोपी ठरते. यास्तव गुण देऊ नयेत, नोंदही ठेवू नये.

शिक्षकानेही सोंगटी घेऊन बसावे. ‘रागाच्या भरात छडी उगारली’ असे घर एखाद्या मुलाने सुचवले, तर ते पुसू नये. सापाची लांबीही मुलांनाच ठरवू द्यावी.