आडनावांत उरलेली कामे



९ सप्टेंबर १९४२ रोजी, चले जाव चळवळीत, नंदुरबारात पोलिसांच्या गोळीबाराला बळी पडलेल्या पाच जणांची नावे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात: शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनःश्याम शहा. यांतले केतकर हे आडनाव गावावरून आलेले, बाकीची कामावरून. मेहता म्हणजे हिशेबनीस. शहा आणि वाणी, दोन्ही व्यापारी. सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणाऱ्या जुन्या वाटेवरची ही पेठ कोणी उभी केली, ते या आडनावांतच वाचता येते.

जर्मनीतही हेच दिसते. तिथे सर्वांत जास्त घरांचे आडनाव म्युलर, म्हणजे पाणचक्कीवर दळण दळून देणारा. श्मिट लोहार, श्नायडर शिंपी, वेबर विणकर. बाराव्या शतकापासून शहरे दाटत गेली, एका गल्लीत चार-चार हान्स झाले, आणि ओळखीसाठी नावापुढे धंदा लागला. म्युलर इतके का, याचेही कारण आहे. बहुतेक गावांना चक्की लागे, आणि अनेक ठिकाणी जमीनदाराच्या ठरलेल्या चक्कीवरच दळण नेण्याची सक्ती होती. ऋग्वेदाची सायणभाष्यासह आवृत्ती काढणाऱ्या माक्स म्युलरला इथे मोक्षमूलर म्हणत. त्याच्या आडनावातला दळणवाला मात्र मराठी वाचकाला सहसा दिसला नाही.

आपल्याकडे सुतार, लोहार, कुंभार, सोनार, शिंपी, तेली ही सगळी आडनावे आहेत. दळणारा मात्र नाही.

कारण दळण घरातच होई, पहाटे, बाईच्या हातून. सुताराला, लोहाराला खळ्यावर बलुते मिळे, गावात त्यांचा हक्क मानला जाई. जात्यावर बसणारीला असा वाटा नव्हता. कवयित्री बहिणाबाईंचेच पाहा: असोद्याच्या महाजनांची लेक जळगावच्या चौधऱ्यांकडे दिली गेली. माहेरचे आणि सासरचे, दोन्ही आडनावे मानाच्या पदांवरून आलेली. बहिणाबाईंनी मात्र जन्मभर घरोट, म्हणजे जाते, ओढले, शेत कसले आणि ते करता करता ओव्या रचल्या. १९५१ साली त्या गेल्या, पुढच्या वर्षी त्यांची गाणी छापून आली. ज्या कामातून हे काव्य निघाले, त्या कामाचे आडनाव खानदेशात कुणालाच मिळाले नाही. आडनावांवरून समाजाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने ही रिकामी जागा आधी पाहावी.

पाटलांचे तसे नाही. खानदेशात कुठल्याही शाळेचा हजेरीपट उघडावा, पाटीलच पाटील, आणि तेही वेगवेगळ्या जातींतले. पाटीलकी हे वतन. ते वंशपरंपरेने चाले, भाऊबंदांत वाटले जाई; कारभार एकाच्या हाती असला तरी नाव सगळ्या भावकीला लागे. जर्मन मायर याचा जवळचा नातलग आहे: धन्याच्या शेतीचा कारभारी. पद वाड्यासह मुलाकडे गेले, पुढे मायर इतके वाढले की ओळख पटावी म्हणून वरचा मायर, खालचा मायर अशी जोडनावे झाली. महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचे पद संपवले, पण आडनाव राहिले.

सातपुड्याकडे आणि नवापूरकडे वळले की हा हिशेब बदलतो. अक्कलकुवा, धडगाव, नवापूर भागातले वसावे, पाडवी, वळवी, गावित ही बलुत्याची नव्हेत, कुळांची नावे. बारा बलुत्यांच्या चौकटीत ती कोंबणे चुकीचे. त्यांच्यामागच्या कथा भिल्ली, मावची, कोकणी बोलणाऱ्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत. नंदुरबार जिल्ह्यातल्या तरुण लेखकांनी त्या त्यांच्याच बोलीत, सांगणाऱ्याचे नाव घालून, लिहून घ्याव्यात. आणि तेव्हा घरातल्या म्हातारीलाही विचारावे, लग्नाआधी तिचे कूळ कोणते होते.