वही केव्हां उघडावी, केव्हां मिटावी?

पुणें जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांतील पाबळ हें गांव इतिहासाच्या वाचकांस मस्तानीच्या कबरीमुळें परिचित आहे. पुढें त्याला दुसरीहि ओळख लाभली. १९८३ सालीं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं तेथें विज्ञान आश्रम स्थापिला आणि हातानें काम करीत विद्या शिकावी, हें तत्त्व खेड्यांतील मुलांपुढें ठेविलें. त्याच तत्त्वास अनुसरून संगणकशास्त्रांतील एक सूक्ष्म प्रश्न अशा गांवच्या रोजच्या व्यवहारांतून पाहणें उचित होईल.

संगणकावरील कार्यक्रम नोंदींच्या भांडाराशीं, म्हणजे डेटाबेसशीं, जें संभाषण करतो, त्यास सत्र अथवा सेशन म्हणतात. सत्र केव्हां आरंभावें व केव्हां संपवावें, हा तो प्रश्न. संकेतस्थळाच्या बाबतींत तो फारसा जाचत नाहीं. मागणी आली कीं सत्र उघडतें, उत्तर गेलें कीं मिटतें. परंतु मेजावरील संगणकाचा कार्यक्रम सकाळीं उघडतो तो सायंकाळपर्यंत उघडाच असतो. तेथें मर्यादा घालून देणारा कोणी नसतो. ती कार्यक्रम रचणारानेंच घालावी लागते.

समजा, पाबळसारख्या गांवीं एक दूध संकलन केंद्र आहे. एक संगणक चिटणीसांपाशीं, दुसरा पशुखाद्याच्या गुमास्त्यापाशीं; भांडार दोघांचें एकच. एका शेतकऱ्याकडे खाद्याची बाकी ३,००० रुपये आहे. सकाळीं दोघांनींहि त्याचें खातें पाहिलें. नंतर शेतकऱ्यानें चिटणीसांकडे ५०० रुपये भरले; बाकी २,५०० झाली. दुपारीं त्यानें १,२०० रुपयांचें खाद्य नेलें. गुमास्त्याचें सत्र मात्र सकाळचेंच. एकदां वाचलेली नोंद असें सत्र स्मरणांत ठेवतें व पुन्हां विचारलें तरी तीच पुढें करतें. त्यानें ३,००० मध्यें १,२०० मिळवून ४,२०० लिहिले. खरी बाकी ३,७००. गरीब माणसाचे ५०० रुपये कोणीं चोरले नाहींत. ते शिळ्या स्मरणानें गिळले.

यावर कोणी म्हणेल, प्रत्येक कृतीसाठीं नवें सत्र उघडावें आणि लगेच मिटावें. हाहि उपाय निर्दोष नाहीं. सत्र मिटतांच त्यांतून आलेली नोंद पोरकी होते. तिच्याशीं संलग्न असा मागील हिशेब मागवूं गेल्यास कार्यक्रम अडतो, आणि एकाच शेतकऱ्याच्या दोन निराळ्या प्रती संगणकांत वावरूं लागतात.

म्हणून जाणते लोक मध्यममार्ग सांगतात: एका खिडकीस एक सत्र. शेतकऱ्याच्या खात्याचा तक्ता उघडला कीं सत्र उघडावें. तक्ता मिटला कीं मिटावें. मध्यें कांहीं चूक उद्भवली, तर तेवढेंच सत्र टाकून द्यावें. इतर खिडक्यांतील काम सुरक्षित राहतें.

परंतु सत्र आणि व्यवहार, म्हणजे ट्रँझॅक्शन, यांत भेद केला पाहिजे. व्यवहार म्हणजे पूर्ण तरी होणारी, नाहींतर मुळींच न होणारी कृति. तिची मीमांसा जिम ग्रे यांनीं १९८१ सालच्या आपल्या निबंधांत केली आहे. सत्र खिडकीइतकें टिको. व्यवहार क्षणापुरताच असावा. चिटणीस विचार करीत बसले असतां व्यवहार उघडा राहिला, तर दुसऱ्याचें लिहिणें खोळंबूं शकतें. एसक्यूलाइटसारख्या लहान भांडारांत तर एका वेळीं एकासच लिहितां येतें. शिवाय खेड्यांत वीज केव्हां जाईल, याचा भरंवसा नाहीं. सकाळपासून उघडा ठेवलेला व्यवहार वीज जातांच रद्द होतो आणि सकाळभरच्या नोंदी नाहींशा होतात. प्रत्येक शेतकऱ्याची नोंद स्वतंत्र व्यवहारानें पक्की केली असेल, तर फार तर शेवटचीच नोंद पुन्हां करावी लागते.

राहिला ५०० रुपयांचा प्रश्न. कारण खिडकीहि कधीं कधीं तासभर उघडी राहते. त्यासाठीं प्रत्येक खात्यास आवृत्तीचा अंक द्यावा. गुमास्त्यानें ७ वी आवृत्ति वाचली असेल, तर लिहितांना अट घालावी: ‘आवृत्ति ७ असेल तरच बदला आणि ती ८ करा.’ चिटणीसांनीं ती आधींच ८ केली असेल, तर एकहि नोंद बदलत नाहीं. कार्यक्रमानें तेव्हां गुमास्त्यास स्पष्ट सांगावें, कीं खातें मध्यंतरीं बदललें आहे. तें नव्यानें पाहून मग लिहावें. येथें कोणाची वाट अडविली जात नाहीं, फक्त शिळ्या ज्ञानावर लिहिण्यास मनाई होते.

जुना हिशेबनीस कागदाच्या वहींत लिहिण्यापूर्वीं शेवटची ओळ वाचून घेई, आणि काम होतांच वही मिटून ठेवी. यंत्र बदललें, तो शिरस्ता बदलण्याचें कारण नाहीं. पडद्यामागील सत्र शेतकऱ्यास कधीं दिसणार नाहीं. त्याला दिसतो तो हातांतील कागदाचा तुकडा आणि त्यावरचा आंकडा. तो खरा असावा, एवढ्याचसाठीं हा सारा विचार करावयाचा.