आमच्या बाळाला कोण उचलणार?

दोन वर्षांची बहुतेक मुलं पाळणाघरभर धावत असतात. काहींना मात्र पाऊल टाकायलाच वेळ लागतो. आग लागली तर अशा मुलाला कोण उचलणार? ‘कुणीतरी उचलेल’ हे उत्तर चालणार नाही. उचलणाऱ्या ताईंचं नाव आधीच ठरलेलं हवं, त्या रजेवर असतील तेव्हा दुसऱ्या कुणाचं. मुलाची जागा तळमजल्यावर, दाराजवळ असावी. चाकांचा पाळणा दारातून निघतो का, हे बाहेर पडण्याच्या सरावातच कळतं. म्हणून सरावाच्या वेळी अशा मुलाला बाजूला बसवून ठेवू नका. अशी काही मुलं दिव्यांग असतात, आणि आपत्तीत दिव्यांगांना समान संरक्षण मिळालंच पाहिजे, असं २०१६चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो. पालकहो, आज मूल आणायला जाल, तेव्हा ताईंचं नाव विचारून घ्या.