दुसऱ्या दिवशीचे पाय



ज्ञानाचं बोलायला इथे थोर मंडळी बसली आहेत. आम्ही दिंडीत तेल लावणारे, पाय चोळणारे. तेव्हा पायांवरच बोलतो.

चंद्रपूर-गडचिरोलीकडून आपल्यातले बरेच जण आगगाडीनं आळंदी गाठतात अन् तिथून पायी निघतात. आळंदी-पुणे चालून झालं, त्या रात्री फारसं दुखत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र उठवत नाही. मांड्या भरून येतात, पोटऱ्यांचे दगड होतात. नवा वारकरी घाबरतो. म्हणतो, आता दिवेघाट कसा चढू?

घाबरायचं कारण नाही. रोवण्याचे पहिले दिवस आठवा. बांधीत वाकून वाकून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कंबर धरते, मग आठवडाभरात अंग बसतं. हेही तेच. सवय नसलेलं काम पडलं की स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते, ती भरून येताना दुखतं. एक ते तीन दिवस जोर असतो, पाच-सात दिवसांत जातं. पायात आम्ल साचतं म्हणून दुखतं असं सांगतात, पण ते आम्ल चालणं थांबल्यावर तास-दोन तासांतच निघून जातं. चढापेक्षा उतार जास्त दुखवतो, हेही ध्यानात ठेवा.

उपाय साधे आहेत. पडून राहू नका, हळूहळू चाला. दहा मिनिटांत पाय मोकळे होतात. जवसाचं किंवा तिळाचं तेल कोमट करून घोट्याकडून गुडघ्याकडे हलक्या हातानं चोळा. पायावर उभं राहून तुडवू नका. तुडवलं की बरं वाटतं म्हणतात, आम्हाला ते पटत नाही. कोमट पाण्यात पाय ठेवावेत, पण साखरेची बिमारी असलेल्यानं आधी दुसऱ्याला पाण्यात हात घालून पाहायला सांगावं. त्याच्या पायाला चटका कळत नाही.

खरा उपाय मात्र घरूनच करायचा. रोवणा करणारा गडी दणकट खरा, पण वाकायचं अंग वेगळं, चालायचं वेगळं. निघण्याआधी तीन आठवडे रोज चाला, थोडं थोडं वाढवा, शेवटी डोक्यावर पिशवी घेऊन चाला. एकदा दुखून बरा झालेला स्नायू पुढच्या खेपेला कमी दुखतो.

बायकांना एक सांगतो. आडोसा मिळत नाही म्हणून तुम्ही पाणीच पीत नाही. दिवेघाटाच्या दिवशी बहुधा एकादशी असते, पोट रिकामं असतं. अशात कुणी हातावर दुखण्याची गोळी ठेवली तर घेऊ नका. पाणी कमी आणि वर ती गोळी, यानं पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडतात. आडोशाची सोय करणं हे दिंडीचं काम आहे, ते चालकांनी करावं.

आता जे सांगायला उभे राहिलो ते. सगळंच दुखणं चालण्याचं नसतं. दोन्ही पाय सारखे दुखतात अन् हलल्यावर सैल होतात, ते चालण्याचं. एकच पोटरी सुजली, गरम लागली, तर तिला तेल लावू नका. आत रक्ताची गाठ असेल तर चोळून ती फुप्फुसात जाऊ शकते. लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर त्याच घडीला दवाखाना.

आणि आपल्या भागात सिकलसेल आहे. घराघरांत आहे, पण बोलत नाही कुणी. पोरीचं लग्न अडेल म्हणून. या आजारात रक्तपेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नसांत अडकते. पाणी कमी पडलं, पावसात भिजलं, दमछाक झाली की हाडं, सांधे, पाठ, छाती दुखू लागते. लोक म्हणतात, नवा आहे, चालून दुखतंय, चोळा. चोळून ते थांबत नाही. बर्फ तर बिलकुल लावायचा नाही, थंडीनं आणखी अडकतं. अशा माणसाला कोरडे कपडे, पांघरूण, भरपूर पाणी द्या अन् गाडीत घालून दवाखान्यात न्या. ताप असला किंवा श्वास लागला तर थोडाही उशीर नको. वाहकाला एरवी त्रास नसतो, पण उन्हात तहानलेल्या पोटी चढ चढताना त्यानंही जपावं.

ज्यांची तपासणी झाली नाही त्यांनी निघण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावं. ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांनी त्याची झेरॉक्स प्लॅस्टिकमध्ये घालून झोळीत ठेवावी, अन् निदान आपल्या विणेकऱ्याच्या कानावर तरी घालावं. तो चार लोकांत बोलणार नाही, हे आम्ही सगळ्या विणेकऱ्यांकडून कबूल करून घेतलं आहे.